शेत हातात कधी देणार?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांचं, अण्णांचं ऑपरेशन झालं. ते महिनाभर अंथरुणाला खिळून होते आणि नेमकी तेव्हाच शेतातली जमिनीखालची पाइपलाइन फुटली. पंप चालू, पण शेवटच्या पट्ट्यात पाण्याचा थेंब पोचेना. जोड कुठं आहे, व्हॉल्व्ह कुठं पुरलाय, मला काही म्हणता काही माहीत नाही. याच शेतात लहानाचा मोठा झालो, १८ वर्षं पूर्णवेळ हेच करतोय, वय ४२. तरी तीन ठिकाणी कमरेइतके खड्डे खणले. चौथ्या दिवशी दवाखान्यात जाऊन अण्णांना विचारलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बांधावरच्या जुन्या झाडापासून विहिरीकडं तोंड करून सतरा पावलं चाल. तिथं डाव्या हाताला." तिथंच निघालं. तोवर शेवटच्या पट्ट्यातल्या पिकानं माना टाकल्या होत्या.

त्या दिवसापासून ही पोस्ट डोक्यात घोळतेय.

कुठला कोपरा पावसात चिबडतो, कुठं हातभर मातीखाली खडक लागतो, कुठल्या पट्ट्यात वाफसा, म्हणजे औत घालण्याजोगा ओलावा, दोन दिवस आधी येतो, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात आहे. अण्णा मूठभर माती दाबतात, गोळा अंगठ्यानं फोडतात आणि सांगतात, "आज नको, उद्या घाल." गोळा सहज भुरभुरला तर वाफसा आला; बोटाला चिकटून लांबला तर औत घालायचं नाही, ढेकळं होतील आणि खालची माती दडपून बसेल. हे मी त्यांच्याकडं बघून शिकलो. पण पुढं ठरवायची वेळ आली की ठरवायचे तेच. कुठलं पीक, किती बियाणं, कर्ज घ्यायचं की नाही, सगळं त्यांचं. कागद त्यांच्या नावावर, म्हणून माझ्या डोक्यातल्या योजनेला कर्जही त्यांच्या सहीशिवाय मिळत नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस राबतो मालकासारखा आणि विचारतो गड्यासारखा.

वडिलांना दोष देणं सोपं आहे, पण मी देणार नाही. जमीन नावावर करून दिली आणि मग घरात कुणी विचारेनासं झालं, अशी उदाहरणं प्रत्येक म्हाताऱ्यानं पाहिलेली असतात. ती भीती खरी आहे. आणि ज्यानं सगळा जन्म पहाटे उठून ठरवण्यात घालवला, त्यानं एका सकाळी ठरवायचं थांबवायचं, म्हणजे मग उठायचं कशाला?

हे एकट्या माझ्या घरातलं नाही. जगात ६० कोटींहून जास्त शेतं आहेत आणि त्यातली ९० टक्क्यांहून जास्त घरची माणसंच चालवतात. अमेरिकेच्या २०२२ च्या कृषिगणनेत शेतकऱ्याचं सरासरी वय ५८.१ निघालं. जपानमध्ये ते पासष्टीच्याही पुढं आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ ते २०२८ हे दशक कौटुंबिक शेतीसाठी जाहीर केलंय. दशक संपत आलं, शेत पुढच्या पिढीकडं कसं द्यायचं याचं घराघरातलं बोलणं मात्र अजून सुरूच झालेलं नाही.

आता वाटणीचं. यावर घरात मी बोललो की सगळे गप्प होतात, म्हणून इथं लिहितो. आजोबांच्या वेळी वाटणी उभी, म्हणजे लांबलांब पट्ट्यांत झाली, कारण प्रत्येकाला रस्ताही हवा होता आणि पाणीही. न्याय झाला खरा, पण पट्टे असे चिंचोळे झाले की ट्रॅक्टर वळवायला शेजारच्या भावाच्या रानात उतरावं लागतं. पुन्हा तसंच कापलं तर बांधच जास्त राहतील. फ्रान्सनं १८०४ च्या नागरी कायद्यात मुलांना समान वारसा दिला आणि तिथं शेतांचे तुकडे होत गेल्याची तक्रार शतकभर चालली. इंग्लंडमध्ये मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडं जायची, १९२५ पर्यंत. शेत अखंड राहिलं, बाकीची भावंडं उघड्यावर. मला दोन्ही पटत नाहीत.

स्वित्झर्लंडची रीत मला सर्वांत समंजस वाटते. १९९१ च्या तिथल्या शेतजमीन कायद्याप्रमाणे जो वारस स्वतः कसणार असेल, तो अख्खं शेत मागू शकतो. भावंडांना हिस्सा मिळतो, पण तो शेतातून जे पिकतं त्यावर धरलेल्या किमतीनं, बाजारभावानं नाही. कसणाऱ्यानं पुढं २५ वर्षांच्या आत ते विकून नफा केला, तर त्या नफ्यात भावंडांचा वाटा. म्हणजे राबणाऱ्याच्या गळ्यात आयुष्यभराचं कर्ज नाही आणि बाहेर गेलेल्याची फसवणूकही नाही. कायदा नसला तरी असा करार घरात बसून, लिहून करायला कुणाची ना आहे?

आणि "कसणारा वारस" म्हटलं की डोळ्यासमोर मुलगाच का येतो? जगभरात जमीनधारकांमध्ये बायकांचं प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा कमी आहे. शेतात राबणाऱ्या बायका त्याहून किती जास्त आहेत, ते कुठल्याही बांधावर उभं राहिलं की दिसतं. माझ्या बहिणीला मातीतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिला कधी कुणी विचारलंच नाही की तुला शेत करायचंय का. मीही नाही. याची मला लाज वाटते.

अण्णा बरे झाल्यावर मी एक वही घेतली. रोज संध्याकाळी आम्ही दोघं एकेक पट्टा चालतो. ते काठीनं दाखवतात, मी लिहितो: पाइप, जोड, व्हॉल्व्ह, खडक, पाणी साचायची जागा, कुठल्या वर्षी कुठला बांध फुटला होता. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "माझ्या मरणाची तयारी चाललीय काय रे?" मी म्हणालो, "नाही अण्णा, यंदाचा हंगाम मला ठरवू द्या. चुकलो तर तुम्ही आहात तोवर चुकू द्या." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वरच्या दोन पट्ट्यांपासून सुरू कर."

हिश्श्याचं अजून ठरलेलं नाही. परवा बहिणीला आणि धाकट्या भावाला फोन करून म्हणालो, अण्णा आहेत तोवर आपण तिघं त्यांच्यासमोर बसू. भाऊ म्हणाला, बघू. बहीण म्हणाली, "आधी त्या वहीतली पानं आम्हा दोघांनाही पाठव." काल रात्री सगळ्या पानांचे फोटो पाठवले. सकाळी तिचा मेसेज आला: विहिरीजवळ आणखी एक जुना व्हॉल्व्ह आहे, तो तू लिहिलेला नाहीस.