ओलावा शंभर टक्क्यांवर? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सुगी या जपानी सूचिपर्णी झाडाच्या लाकडावर मी लिहिलं, त्यावर तुमच्या तीन हरकती आहेत: लाकडात शंभर टक्क्यांवर पाणी असूच शकत नाही, ओलावा झाडाच्या जातीवर नाही, तोडणीच्या महिन्यावर ठरतो, आणि नाशिकच्या सुताराला जपानी झाडाशी काय घेणं?

लाकडाचा ओलावा कोरड्या वजनावर मोजतात. ३०० ग्रॅमचा तुकडा १०३ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवला आणि १०० ग्रॅम उरला, तर ओलावा २०० टक्के. तुमच्या ओलावा मोजायच्या मीटरवर असा आकडा कधी दिसला नाही म्हणता. दिसणारही नाही, पिनांचा मीटर तिशीपुढे भरवशाचा नसतो. त्यात तुमचा सगळा हात सागावर बसलेला. साग भरीव, त्यात फार तर शंभर-सव्वाशे टक्के पाणी मावेल. सुगीची घनता त्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त, तिच्या पोकळ्यांत अडीचशेच्या आसपास जागा असते.

महिन्याचं मात्र पटत नाही. बहुतेक सूचिपर्णी झाडांत गाभा कोरडा आणि बाहेरचा पांढरा भाग ओला असतो. सुगीत काही जातींचा गाभा ५०-७० टक्क्यांवर, तर काहींचा थेट २०० च्या घरात. क्यूशू बेटावर या जाती पिढ्यान्‌पिढ्या छाट लावून वाढवतात. आपल्याकडे थॉमसन द्राक्षाची काडी पिंपळगावात लावा की दिंडोरीत, वेल थॉमसनचाच, तसंच. एकाच डोंगरावरची, एकाच वयाची, एकाच वेळी तोडलेली दोन जातींची झाडं, आणि गाभ्यातल्या पाण्यात दुपटीचा फरक. इथे महिना कुठून आणायचा? जमिनीने आणि झाडागणिक थोडं उन्नीस-बीस होतं, पण जातींमधला फरक त्यालाही पुरून उरतो.

आता आपलं नाशिक. सुगी इथे येत नाही हे कबूल, पण द्राक्षांच्या पेट्यांखालचे पॅलेट बाहेरून आलेल्या पाईनचेही असतात. पाईनचा पांढरा भाग गाभ्यापेक्षा कितीतरी ओला, आणि दोन्ही फळ्या एकाच गठ्ठ्यात. भट्टीत एक कडकडीत वाळून तडकते, दुसरी ओलीच राहते. आणि पॅलेटवरचा ‘एचटी’ (उष्णतेची प्रक्रिया केल्याचा) शिक्का पाहून लाकूड वाळलंय असं धरू नका. त्याचा अर्थ लाकडाच्या अगदी मध्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं, एवढाच. कीड मरते, पाणी राहतं, बुरशी नंतर येते.

पुढच्या गाडीतल्या दोन-चार फळ्यांचे तुकडे वाळवून, वजन करून बघा. आकडे इथेच टाका, बोलू.