चकली, झुंबर आणि सरासरी पाच तास

गडकरी रंगायतनमध्ये प्रयोग रंगात आलेला असताना कुणी वेफर्सचं पाकीट कुरकुरवलं, की सहाव्या-सातव्या रांगेतून एक 'श्श्' येतो. तो माझा. 1978 साली हे नाट्यगृह सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो, आणि तेव्हापासून हा 'श्श्' मी घोटत आलोय. कुजबुजीसाठी वेगळा, फोनसाठी वेगळा, आणि तान्हं बाळ रडलं तर आवाज न करता नुसती मान वळवायची, असे त्यात प्रकार आहेत. माझी बायको या सेवेला बिनपगारी हवालदारी म्हणते.

2025 च्या उन्हाळ्यात गडकरी दुरुस्तीसाठी बंद होतं. नौपाड्यात राहणाऱ्या माणसाला गडकरी बंद म्हणजे देवळाला टाळं. ठाण्यात घाणेकर नाट्यगृह आहे, उत्तम आहे, पण त्यासाठी घोडबंदर रोडला लागावं लागतं. आणि त्या रस्त्याची ख्याती अशी की आपण खुर्चीत जाऊन बसेपर्यंत नायिकेचं लग्न होऊन तिचं डोहाळजेवण चालू असतं. तर नाटकाचा असा कडकडीत उपास चालू असताना लंडनहून भाचीचा फोन आला. "मामा, मामीला घेऊन या. इथली म्युझिकल्स दाखवते."

म्युझिकल म्हणजे संगीत नाटक, एवढं मला माहीत होतं. त्यामुळे मी लगेच कॉलर ताठ केली.

"अगं, संगीत नाटक आम्हाला काय दाखवणार? आमच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' 1880 चं. तुमचं ते 'फँटम ऑफ द ऑपेरा' कधीचं?"

"1986."

"म्हणजे आम्ही 106 वर्षांनी थोरले."

"पण मामा, त्याच्या नावातच जो ऑपेरा आहे ना, तो तर त्याच्याही कितीतरी..."

"आवाज तुटतोय गं," म्हणून मी फोन ठेवला.

तिकिटांचे आकडे आले तेव्हा मात्र घरात शांतता पसरली. पौंडाला शंभराच्या वर बऱ्याच कितीतरीनं गुणायचं असतं. मी शंभरानंच गुणत होतो, तेवढाच जिवाला धीर. तरी एकेका खुर्चीच्या पैशात गडकरीला वर्षभर नाटकं बघून वर वडे खाता आले असते. बायकोच्या चेहऱ्याकडे बघून मी इतिहासाचा आधार घेतला. "1921 साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले ना, त्या संयुक्त 'मानापमान'ला लोकांनी असेच हात सैल सोडून पैसे मोजले होते."

"ते पैसे टिळक स्वराज्य फंडाला गेले होते," ती म्हणाली. "हे कुणाला जाणार?"

ज्यांच्याकडून स्वराज्य घ्यायचं होतं त्यांनाच, हे उत्तर मी मनात ठेवलं आणि व्हिसाचा फॉर्म भरायला घेतला.

पहिलं नाटक 'द लायन किंग'. भाचीनं उत्साहाच्या भरात ते आम्ही उतरलो त्याच दिवशीचं काढलं होतं. लायसियम थिएटर, 1999 पासून ते तिथेच चालू आहे. 'ड्रॅक्युला' लिहिणारा ब्रॅम स्टोकर एकेकाळी याच थिएटरचा कारभार बघायचा, हे मी बायकोला दारातच सांगून टाकलं. रात्रभर टक्क जागणाऱ्यांची ही जागा आहे हे कळून मलाही बरं वाटलं, कारण प्रयोग साडेसातचा होता आणि माझ्या शरीरात त्या वेळी ठाण्याचे रात्रीचे बारा वाजत होते. पण माझी भिस्त रक्तावर होती. माझे आजोबा गंधर्व मंडळींची नाटकं बघायला रात्री जायचे, 'वन्स मोअर' देऊन देऊन नाटक पहाटेपर्यंत न्यायचे आणि तोंड धुऊन तसेच कामावर जायचे. त्यांच्या नातवाला अडीच तास जड नव्हते.

सुरुवात बघताना तर झोप हा शब्दही आठवला नाही. आपण बसलोय त्या खुर्च्यांमधल्या वाटेनं हत्ती येतो. आत माणसं, चार पायांत चार. जिराफ म्हणजे हातापायांना उंच काठ्या बांधून चालणारी माणसं. गंमत म्हणजे आतला माणूस कुठेच लपवलेला नाही. मुखवटा डोक्यावर आणि खाली नटाचा चेहरा उघडा, दोन्हींकडे आपण एकदम बघायचं. मला आपल्या जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा, म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचायचा उत्सव, आठवला. तिथेही मुखवट्याखालचा गावातला ओळखीचा माणूस दिसत असतोच, म्हणून देव काही खोटा होत नाही. हे सगळं भाचीला मध्यंतरात नीट समजावून सांगायचं, असं ठरवून मी डोळे क्षणभर मिटले.

बरगडीत कोपर बसलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काकानं भावाला मारलं आणि पुतण्याला हाकलून लावायच्या बेतात आहे," बायको कानात म्हणाली. "शनिवारवाडा. आता जागे राहा." आणि तिनं माझ्या हातात चकली ठेवली.

ती चकली ठाण्याहून आली होती. भाचीसाठी केलेल्या डब्यातल्या सात-आठ हिनं अडीअडचणीला म्हणून पर्समध्ये टाकल्या होत्या. मी समोर पाहिलं. मेलेल्या बापाला पिल्लू हलवून उठवत होतं. वाद्यवृंद थांबलेला. दोन हजार माणसं श्वास धरून बसलेली. अर्धवट झोपेतल्या माणसाच्या हातात चकली आली की तो काय करतो?

भाजणीची चकली. कडक तळलेली. तो आवाज मी शपथेवर सांगतो, वरच्या सज्जातल्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल.

पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या एक बाई वळल्या. 'श्श्' वगैरे काही नाही. त्यांनी नुसतं बघितलं, बारीकसं हसल्या आणि पुन्हा पुढे वळल्या. आमच्या 'श्श्'मध्ये निदान माणुसकी असते हो! त्या बघण्यात अख्खं साम्राज्य होतं. चकलीचा उरलेला तुकडा मी मध्यंतरापर्यंत गालात धरून बसलो. त्या ओलाव्यानं तो हळूहळू विरघळला आणि त्याबरोबर मीही पुन्हा पेंगलो. उत्तरार्धात पुतण्या परत येऊन गादी घेतो, असं मला भाचीकडून कळलं.

तिथल्या मध्यंतराबद्दल एक सांगायलाच हवं. वडा नाही. चहाचा वाफाळता कप घेऊन 'पहिला अंक जरा लांबलाच नाही?' म्हणणारे चार ओळखीचे चेहरे नाहीत. आइस्क्रीमचा एवढासा डबा मिळतो, तोही खुर्चीजवळ आणून देतात. मी आइस्क्रीमवाल्या बाईंकडे खुणा करून तीनदा चमचा मागितला. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या हातातलं झाकण उलटं करून त्यातूनच चमचा काढून दिला. बायकांच्या स्वच्छतागृहापुढची रांग मात्र थेट आपल्यासारखी. बायको पूर्ण मध्यंतर त्या रांगेत उभी होती. तिथे तिला नाशिकच्या दोघी भेटल्या आणि त्यांच्याकडून पुढचं नाटक कसं आहे तेही कळलं. समुद्रापलीकडे गेल्यावर नाट्यगृहाच्या वास्तुशास्त्रात एवढी एकच गोष्ट मला बदललेली दिसली नाही.

'फँटम'ची तिकिटं मीच काढली. लेस्टर स्क्वेअरमध्ये सवलतीच्या तिकिटांची खिडकी आहे, आणि खिडकीपुढे रांग आहे, हे पाहून मला इतकं घरच्यासारखं वाटलं की मी तासभर आनंदानं उभा राहिलो. गडकरीला बुकिंग उघडायच्या दिवशी पहाटे नंबर लावून प्लॅनवर आपल्या देखत पेन्सिलची फुली मारून घेणारा माणूस मी. इथेही मी प्लॅन मागितला. खिडकीतल्या माणसानं संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. मी तळमजल्यावरच्या मागच्या तीन खुर्च्यांवर बोट ठेवलं. भाची काहीतरी सांगत होती, पण प्लॅन वाचायचं मला शिकवायचं म्हणजे... असो.

हे नाटक होतं त्या थिएटरचं नावही मोठं सोयीचं आहे. गादीवर राणी असली की 'हर मॅजेस्टीज', राजा असला की 'हिज मॅजेस्टीज'. 2023 साली पाटी बदलली. एवढं नामांतर, आणि एक मोर्चा नाही.

या नाटकाची शान म्हणजे झुंबर. सुरुवातीला ते रंगमंचावरून उठतं, प्रेक्षकांच्या डोक्यावर जातं, आणि पहिल्या अंकाच्या शेवटी कोसळतं. ठाण्यापासून मी त्याचं वर्णन करत आलो होतो. ते उठलं, वाद्यांचा कल्लोळ झाला, आणि आमच्या डोळ्यांदेखत दिसेनासं झालं. कारण आमच्या डोक्यावर झुंबर नव्हतं, वरच्या मजल्याचा सज्जा होता. त्यानंतर सव्वा तास मी पुढच्या माणसांच्या माना बघत होतो. एकदम सगळ्या माना वर गेल्या, किंकाळ्या आल्या, आणि झुंबराचा रंगमंचाजवळचा शेवटचा हातभर प्रवास आम्हाला लाभला.

"कळस राहिला," बायको म्हणाली, "पायरीचं दर्शन झालं."

आता 'ले मिझराब्ल'. झोपेचा हिशेब तोवर बसला होता, खुर्च्या भाचीनं स्वतः निवडल्या होत्या, म्हणजे आता काही बिघडायचं कारण नव्हतं. राहिलं होतं माझं घड्याळ. रक्तदाबाची गोळी चुकू नये म्हणून मी ते ठाण्याच्याच वेळेवर ठेवलं होतं. लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेपाच. महिना जूनचा होता, पण वारा असा बोचरा होता की मी सरासरी काढली. पाच.

तिकीट मला कागदी आणि स्वतःच्या हातात लागतं, तसं ते मी घेतलं. दोघींना आत पाठवलं आणि शाफ्ट्सबरी अॅव्हेन्यूच्या मागे चिनी लोकांची वस्ती आहे, तिथे फेरी मारायला गेलो. घड्याळात बारा वाजले. म्हणजे सात. सव्वाबाराला मी रमतगमत दारात आलो तर दारात कुणीच नाही. बाहेर एक लाघवी मुलगा उभा. प्रयोग सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली, योग्य जागा आली की आत सोडतो, असं त्यानं इतक्या गोड शब्दांत सांगितलं की मला भांडताही येईना. आपल्याकडे तिसरी घंटा ही सूचना असते. तिथे तो निर्णय असतो हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. बायकोला फोन करावा, तर दोघींचे फोन बंद. नाट्यगृहात शिरताना फोन बंद करायची शिस्त त्या घराण्यात कुणी लावली, हे सांगायला नकोच. मग व्हरांड्यातल्या एका छोट्या पडद्यावर मी माझ्या हजारो रुपयांच्या नाटकाचा आरंभ पाहिला, मुंगीएवढा.

आत सोडलं तेव्हा मी सहा गुडघे ओलांडून खुर्चीत पडलो.

"यानं काय केलंय?" मी विचारलं.

"पाव चोरला होता."

"वडा?"

"नुसता पाव."

"आणि त्यासाठी एवढे हाल..."

"श्श्!"

बायकोनं दिलेला तो 'श्श्' माझाच होता. अगदी जागेवर लागलेला.

संगीत नाटकात आपली एक सोय असते. गद्य संपत आलं, ऑर्गननं सूर दिला, की आपण सावरून बसतो, कुणी खोकून घेतो, आता पद येणार. इथे सगळंच पद. भाडं मागायचं तेही गाऊन, अटक करायची तीही गाऊन. शब्द मला रुपयातले चार आणेच कळत होते. रंगमंचावर मोडकं फर्निचर रचून पोरांनी मोर्चेबांधणी केली तेव्हा मी हळूच बायकोला सांगितलं, "ही फ्रेंच राज्यक्रांती. 1789."

"1832, मामा," पलीकडून भाची म्हणाली. "हा वेगळा उठाव. फसलेला."

फसलेला, हे आधी कळायला नको होतं. एकेक पोर त्या ढिगाऱ्यावर पडू लागलं आणि चार आणे शब्दांवर मी सोळा आणे रडलो. 1985 साली लंडनमध्ये हे आलं तेव्हा समीक्षकांनी चांगलंच झोडपलं होतं म्हणे. चाळीस वर्षं झाली, चालूच आहे. गोळीबार सुरू झाला तसा मला शेजारून भाजणीचा वास आला. बायको बंदुकीच्या प्रत्येक बारावर एकेक घास चकली खात होती. बार, घास. बार, घास. पुढच्या रांगेतली एकही मान वळली नाही.

परत आल्यावर तलावपाळीच्या कट्ट्यावर मित्रांनी विचारलं, तर मी तिन्ही नाटकं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. झुंबर पडतं तिथे तर दोघंजण दचकले.

ऑगस्टमध्ये गडकरी पुन्हा उघडलं, आणि पुढे एका रविवारी जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग लागला. आम्ही सातव्या रांगेत. पद सुरू झालं, गायिकेनं तान घेतली, आणि डावीकडे काहीतरी कुरकुरलं. सवयीनं मी जीभ टाळ्याला लावलीच होती, तेवढ्यात अंधारात बायकोचा हात पुढे आला. मी चकली घेतली, दातांत धरली आणि थांबलो. तान वर गेली, फिरली, खाली आली. तबलजीनं तिहाई घेतली.

समेवर चावली.