प्रेसवर बोट गमावण्याची योग्य पद्धत

प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, नव्यानं लागलात? अभिनंदन. दहाही बोटं जागेवर आहेत तोवर चार सूचना वाचून घ्या.

हात आत जाऊ न देणारा गार्ड कुठाय, हात ओळखणारा सेन्सर का बंद आहे, असले प्रश्न विचारू नका. सेन्सर चालू ठेवला की नग कमी निघतात. चिमटाही मागू नका, पार्ट हातानंच डायमधून, म्हणजे साच्यातून, काढायचा. पाय पायडलवर असू द्या. जुन्या की-क्लचच्या प्रेसचा स्ट्रोक एकदा सुटला की मधे थांबत नाही, आणि क्लचमधली ‘की’, म्हणजे खीळ, झिजली तर पाय न लावताही प्रेस दुसरा स्ट्रोक मारते. मेंटेनन्सवाले ‘रविवारी बघू’ म्हणतात. कुठल्या रविवारी, ते विचारू नये.

बोट जायचंच असेल तर दिवसपाळीत जाऊ द्या. रात्री गाडी नसते.

तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकायचं नाही. हे माहीत असलेला माणूस त्या दिवशी सुट्टीवर असतो.

बोटही जरा निवडून द्या. भरपाईचं कोष्टक छापील आहे: अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधलं १२, करंगळी ७. कमाईची ताकद म्हणे तेवढीच जाते. माझ्या भाच्याच्या तर्जनीची दोन पेरं गेली, म्हणजे ११ टक्के. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, पेन्शन बसलीच तर पगाराच्या ९० टक्क्यांचे ११ टक्के. पोरगं साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये जायची स्वप्नं बघत होतं. आता त्या हातानं बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर कसा फिरवायचा, ते कोष्टकात नाही.

आणि मुख्य सूचना: अपघात झाला असं कुठंही बोलू नका. तुमचं ‘लक्ष नव्हतं’. मी ईएसआयला अपघात कळवायचा फॉर्म १२ मागायला गेलो तेव्हा गेटवर ‘अपघातरहित दिवस’चा फलक होता आणि आकडा रोजच्यासारखा एकानं वाढलेला. भाच्याचा अपघात त्यात धरलेलाच नव्हता! ठेकेदार म्हणाला, कंपनीत विचारा. कंपनी म्हणाली, तो आमचा माणूसच नाही. मग त्यांच्याच प्रेसवर कुणाचा माणूस उभा होता? पगारातून ईएसआयचे पैसे महिन्यामहिन्याला कापले, आणि नोंदणी झाली ती अपघाताच्या दिवशी, तीसुद्धा पोरगं दवाखान्यात पोचल्यावर. आधीचे कापलेले पैसे कुणाच्या खिशात गेले? वर साहेब मला चहा पाजून सांगतात, ‘गार्ड त्यानंच काढला असेल हो.’ गार्ड काढायचा पाना तरी त्याच्या हातात दिला होता का कधी? गार्ड मुद्दाम काढला असं ठरलं की भरपाईच्या कायद्यात काही वेळा अंग काढून घेता येतं, हे साहेबांना पाठ. त्याच कायद्यात महिन्याच्या आत भरपाई दिली नाही तर व्याज लिहिलंय, दंडही लिहिलाय. ते पान मात्र त्यांच्या पुस्तकातून फाटलंय वाटतं.

साहेब, चार मार्चला सुरक्षा दिनाची शपथ तुम्हीच देता ना माइकवर? फॉर्मवर सही करायला तुमची पाचही बोटं शाबूत आहेत. करा की. ठेकेदारानं ईएसआयची वर्गणी भरली नाही तर ती मूळ मालकानं, म्हणजे कंपनीनं, भरायची असते, हे तुम्हाला मी सांगायचं का? जखमी पोरगं ईएसआयच्या रजेवर असताना त्याला ‘आता येऊ नकोस’ म्हणता येत नाही, हेही मीच सांगायचं?

आणि तुम्ही, वाचताय ते. पगारपत्रकावर कापलेले पैसे दिसतात म्हणून निवांत बसू नका, नोंदणी कधीची आहे ते आजच बघा. अपघातानंतर कुणी कोरा कागद पुढं केला तर सही करू नका. केली असेल तरी घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्यापुढं टिकत नाही. आणि शेजारच्या मशीनवर कुणाचा हात गेला तर ‘मी नव्हतो तिथं’ म्हणणं बंद करा. माझ्या भाच्याच्या शेजारी चौघं उभे होते, आणि साक्षीला एकही आला नाही.