पामतेल महागलं, मग सोयाबीन का पडलं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया झणझणीत आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. तुमचं म्हणणं असं: "पामतेल महागलं की सोयाबीनची मागणी वाढते, असं लिहिलंत. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारनं खाद्यतेलाचं आयातशुल्क वाढवलं. तरी सांगलीच्या यार्डात आमचं सोयाबीन हमीभावाच्या खालीच गेलं. पुस्तकी अर्थशास्त्र आमच्या रानात आणू नका."

शुल्क वाढलं खरं. कच्च्या खाद्यतेलावर मूळ शुल्क आणि उपकर सगळं धरून 5.5 टक्क्यांचं 27.5 झालं. हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली राहिला, हेही खरंच. तरीही मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

तेल काढणारा प्लांटवाला सोयाबीनचा भाव काढतो तो तेल आणि पेंड (तेल काढून उरलेला भाग, जो कोंबडीखाद्यात जातो) दोन्हींचा हिशोब मांडून. क्विंटलला तेल निघतं साधारण 18 किलो, पेंड 80 किलोच्या आसपास. समजा, तेल किलोमागं 20 रुपयांनी चढलं, तर 360 रुपये आले. पेंड फक्त 8 रुपयांनी उतरली, तर 640 गेले. आता तो तुम्हाला वाढवून कुठून देणार?

पेंड उतरली, कारण तिचा पर्याय स्वस्त झाला. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, तो वाळवून डीडीजीएस म्हणून विकतात. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये प्रथिनं जवळजवळ सोयापेंडीइतकी, मक्याच्यात बरीच कमी. मक्याच्या मालात बुरशीच्या विषाची धास्ती असते, म्हणून कोंबडीखाद्यवाले पेंड पूर्ण बंद करत नाहीत. पण डीडीजीएस स्वस्त मिळालं की पेंडीचं प्रमाण कमी करतात. जगभर सोयाबीन मुबलक होतं, त्याचाही दाब होताच.

गंमत बघा, यात आपला ऊसही आहे. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, मक्याच्या इथेनॉलला जोर आला आणि डीडीजीएसचे ढीग वाढले. एका पिकावरचा निर्णय शेजारच्या सरीतल्या पिकाला असा भोवतो!

म्हणजे एक वस्तू महागली की तिच्या पर्यायाची मागणी वाढते, स्वस्त झाली की घटते, हा नियम दोनदा लागू झाला: तेलाच्या बाजूनं तुमच्या फायद्याचा, पेंडीच्या बाजूनं तोट्याचा, आणि पेंडीचं पारडं जड निघालं. मे 2025 च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं, म्हणजे तेलाचा आधारही निम्म्यावर आला. माल ठेवायचा की विकायचा हे ठरवताना नुसत्या पामतेलाच्या बातम्यांवर जाऊ नका. ओळखीच्या पोल्ट्रीवाल्याला डीडीजीएस कितीला पडतंय, तेही विचारा.