‘प्रोजेक्ट आधी यूट्यूबवर टाका’ हा सल्ला पोरांचं नुकसान करतोय

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी लिहिलेला. त्याचा मथितार्थ असा: प्रोजेक्टमध्ये काही नवं निघालं तर कॉलेजला सांगू नका, कॉलेज पेटंट लाटतं आणि तुमचं नाव काढून टाकतं. पेटंटला लाखो रुपये लागतात. सीमाभागातल्या मराठी पोरांचे अर्ज बेंगळुरूत दाबून ठेवतात. अमेरिकेतल्या विद्यापीठाने आपल्या हळदीचंसुद्धा पेटंट घेतलं, म्हणजे हा चोरांचाच बाजार. तसंही आपल्याकडच्या कॉलेजांत कसला शोध लागणार! तेव्हा जे काही केलंय ते सरळ प्रदर्शनात मांडा, यूट्यूबवर टाका. तारखेचा पुरावा राहतो आणि शोध तुमचाच ठरतो.

लिहिणाऱ्याला पोरांची कळकळ आहे, ते जाणवतं. पण प्रोजेक्ट प्रदर्शनं तोंडावर आलेली असताना हा सल्ला कुणी मनावर घेतला तर पुढे काही करता येणार नाही. म्हणून शेवटच्या मुद्द्यालाच आधी हात घालतो.

यूट्यूबवर टाकल्याने शोध तुमचा ठरत नाही. तो सगळ्यांचा होतो. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याची पहिली अट अशी की अर्जाच्या तारखेआधी ती गोष्ट जगात कुठेही प्रसिद्ध झालेली नसावी. तुम्ही स्वतः केली असली तरी ती प्रसिद्धच झाली.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलंच उदाहरण घेऊ. फाउंड्रीत मोल्डिंगच्या वाळूत ओल जास्त झाली की कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वाफेची भोकं, पडतात आणि माल रिजेक्ट होतो. जुना कामगार मूठभर वाळू दाबतो, तो गोळा मोडतो, तुटलेली कड बघतो आणि ‘पाणी जास्त झालंय’ म्हणून सांगतो. समजा, एका मुलीने मिक्सरच्या आतच ओल मोजणारा सेन्सर बसवला. सेन्सर बाजारात मिळतात, त्यात नवं काही नाही. पण ओली वाळू सेन्सरवर चिकटून आकडा चुकतो, आणि ती चिकटू नये म्हणून तिने पात्याची अशी रचना केली की प्रत्येक फेऱ्यात सेन्सरचं तोंड साफ होतं. शोध असेल तर तो ह्या पात्यात आहे. आता तिने पाच मिनिटांचा व्हिडिओ टाकला, पातं जवळून दाखवलं. दोन महिन्यांनी कोल्हापूरच्या एखाद्या कारखानदाराने ते बघून बनवायला घेतलं तर ती त्याला अडवू शकत नाही. त्यालाही त्याचं पेटंट मिळणार नाही, हे खरं. पण पुढे तिने अर्ज केला तर तपासणी अधिकारी तिचाच व्हिडिओ तिच्यासमोर ठेवील.

कायद्यात थोडी सवलत आहे, कलम 31 मध्ये. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला, किंवा विद्वत्सभेपुढे, म्हणजे अभ्यासकांच्या संस्थेपुढे, त्यावर निबंध वाचला, तर त्यानंतर 12 महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनासाठी अशी अधिसूचना निघत नाही, आणि यूट्यूब ही विद्वत्सभा नाही.

ह्यात भले भले अडकलेत. जनुकं जोडण्याचं तंत्र शोधणाऱ्या स्टॅन्ले कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांचा निबंध नोव्हेंबर 1973 मध्ये छापून आला. स्टॅनफर्ड विद्यापीठाने अर्ज केला तो नोव्हेंबर 1974 मध्ये, निबंध छापल्याला वर्ष पूर्ण व्हायला काही दिवस उरले असताना. अमेरिकेत तेव्हा वर्षभराची मुभा होती म्हणून तिथलं पेटंट 1980 मध्ये मिळालं आणि त्यावर विद्यापीठांनी कोट्यवधी डॉलर कमावले. अमेरिकेबाहेरचा हक्क मात्र निबंध छापला त्याच दिवशी गेला होता.

आता हळद. मेसेजमध्ये अर्धीच गोष्ट आहे. मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमधल्या दोघा संशोधकांना 1995 मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं, हे खरं. पण सीएसआयआरने, म्हणजे आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या माशेलचे. सीएसआयआरने 32 संदर्भ पुढे केले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 1953 मध्ये छापलेला एक लेखही होता. 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. ज्या घरात खरचटल्यावर आजीने हळद दाबली तिथे ह्या निकालाचा आनंद व्हायलाच हवा. पण कारण नीट बघा: ती गोष्ट आधीच छापील स्वरूपात जगापुढे होती. हळद ज्या नियमाने वाचली, त्याच नियमाने आपल्या पोरीचं पातं यूट्यूबवर जातं. मेसेज एका परिच्छेदात हळदीसाठी हळहळतो आणि पुढच्याच परिच्छेदात पोरांना त्याच नियमाखाली ढकलतो.

कॉलेज पेटंट लाटतं, हा आरोप सरसकट फेटाळणार नाही. सही करताना कागद न वाचणारी मुलं पुष्कळ आहेत आणि त्याचा फायदा घेणारेही आहेत. पण कायद्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत: शोधक कोण आणि मालक कोण. अर्जात शोधकाचं नाव द्यावंच लागतं, आणि कॉलेजला अर्जदार व्हायचं असेल तर शोधकाने हक्क दिल्याचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे पोराच्या सहीशिवाय कॉलेजचं पान हलत नाही. नाव गाळलं तर कलम 28 खाली दाद मागता येते. शोध दुसऱ्याकडून लबाडीने घेतला, ह्या कारणावर पेटंट मिळण्याआधी आणि मिळाल्यावरही विरोध करता येतो.

मालकीबाबत आपल्याकडे केंद्राचा वेगळा कायदा नाही. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाच्या हक्कांविषयीचं विधेयक 2008 मध्ये राज्यसभेत आलं होतं, ते 2014 मध्ये मागे घेतलं. त्यामुळे प्रत्येक संस्थेचं धोरण चालतं. केंद्राच्या 2019 च्या विद्यार्थी-स्टार्टअप धोरणात मार्गदर्शक रेघ आहे: अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा संस्थेची साधनं मोठ्या प्रमाणावर वापरून शोध लागला तर हक्क दोघांचा; संस्थेचं काही न वापरता, अभ्यासक्रमाबाहेर लागला तर पूर्ण शोधकाचा. प्रोजेक्ट सुरू करतानाच कॉलेजचं धोरण लेखी मागा. विद्यापीठाच्या मालकीने शोधकाचं भलं होत नाही असंही नाही. गूगलच्या पेजरँकचं, म्हणजे शोधात कुठलं पान वर दाखवायचं ते ठरवणाऱ्या पद्धतीचं, पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर होतं आणि शोधक म्हणून लॅरी पेज यांचं नाव होतं.

लाखो रुपयांचं म्हणाल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला 1,600 रुपये आहे, 30 पानं आणि 10 दाव्यांपर्यंत (दावा म्हणजे शोधात नेमकं काय आपलं, ते सांगणारा मुद्दा). सप्टेंबर 2021 पासून शिक्षणसंस्थांनाही तीच सवलतीची फी लागते. तपासणीच्या विनंतीला आणखी 4,000. एजंट घेतला तर त्याची फी वेगळी, पण एजंट सक्तीचा नाही. परदेशात पेटंट घ्यायचं तर खर्च खरोखर लाखांत जातो. मेसेजमधला आकडा बहुधा तिथून आला असावा.

बेंगळुरूचा मुद्दा तर मुळातच चुकीचा आहे. पेटंट हा केंद्राचा विषय आहे, राज्य सरकारकडे अर्ज जातच नाही. कार्यालयं चार: कोलकाता, दिल्ली, मुंबई, चेन्नई. बेळगावात राहणाऱ्याचा अर्ज चेन्नईच्या अखत्यारीत येतो, महाराष्ट्रातल्या चंदगडमध्ये राहणाऱ्याचा मुंबईच्या. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करायचा असतो. मराठीत चालत नाही, तसा कन्नडमध्येही चालत नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या तक्रारी खऱ्या आहेत, त्या मांडायलाच हव्यात. ही त्यांतली नव्हे.

आपल्याकडे कसला शोध लागणार, हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,620 बाळंतिणींवर केलेला अभ्यास 2006 मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळीने 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला, आणि गोळ्या देणाऱ्या होत्या गावच्या नर्सबाई. रक्त मोजायला बाईच्या कमरेखाली प्लॅस्टिकचं एक कापड घालत, त्याला खाली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. अंदाजाने मोजलेलं रक्त कमी भरतं, म्हणून ही सोय. आफ्रिकेतल्या चार देशांतल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तशाच रेघांच्या पिशव्या वापरून रक्तस्राव वेळीच ओळखला, लगेच उपचार केले आणि गंभीर रक्तस्राव खूप कमी झाला.

मग प्रदर्शनाआधी करायचं काय? तात्पुरतं विवरण (प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं प्राथमिक वर्णन) जोडून अर्ज टाका, म्हणजे त्या दिवसाची तारीख मिळते. पूर्ण विवरण द्यायला 12 महिने असतात. अर्ज गेल्यावर प्रदर्शन करा, व्हिडिओही टाका. मात्र विवरणात जेवढं लिहिलंय तेवढंच दाखवा, कारण नंतर सुचलेल्या सुधारणेला ती तारीख लागू होत नाही.

मेसेजमधली एक चीड मात्र मलाही आहे: पेटंटच्या नावाने होणारी फुशारकी. कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटची संख्या मोजली जाते, म्हणून ‘पेटंट पब्लिश्ड’चे फ्लेक्स लागतात. अर्ज 18 महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, आणि 2,500 रुपये भरले तर लवकरही होतो. त्याआधी कुणी त्याची तपासणी केलेली नसते. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून कुणालाही स्थिती बघता येते. तिथे पेटंट मंजूर झाल्याची नोंद नसेल, तर फ्लेक्सवर काहीही लिहिलेलं असो, तो अजून अर्जच आहे.