‘घोड्याला आधी मालक कोण ते दाखवा’ म्हणणाऱ्यांसाठी

सारंगखेड्याचा घोडेबाजार जवळ आला की घोडेस्वारीच्या ग्रुपांवर एका मजकुराला नव्याने पाय फुटतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घोडा कळपातला प्राणी, त्याला म्होरक्या लागतो, तो तुम्ही व्हा. पहिल्याच दिवशी धाक बसवा. लगाम आवळून धरा, गुडघे घट्ट दाबून बसा. कान मागे गेले की चाबूक दाखवा, कारण तो तुमची परीक्षा बघतोय. त्याची कातडी जाड असते, त्याला लागत नाही. शेवटी अर्थातच ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही.

आधी म्होरक्याचं बघू. घोड्यांमध्ये वरचढपणा असतो, हे खरंच आहे. गव्हाणीशी आधी कोण, पाण्यावर आधी कोण, हे त्यांचं ठरलेलं असतं. पण तो घोड्याघोड्यांतला हिशेब झाला. त्या उतरंडीत घोडा माणसालाही बसवतो, याला भक्कम आधार नाही. इंटरनॅशनल सोसायटी फॉर इक्विटेशन सायन्स ही स्वारीच्या शास्त्रावर काम करणारी संस्था तर सांगते की शिकवताना या हुकमतीच्या कल्पनेवर विसंबू नका. कळपातला वरचढ घोडा दुसऱ्याला हाकलतो, एवढंच. ‘चार पावलं सरळ मागे जा’ हे तो कोणाला शिकवत नाही.

शिस्त नको, असं मी म्हणत नाहीये. चार-पाचशे किलोचं जनावर अंगावर रेलायला लागलं तर हाडं मोडतात. पण सकाळी मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा नोकर) त्याला खांद्यावर डोकं घासू देणार आणि संध्याकाळी त्याच गोष्टीसाठी मालक फटका देणार, तर त्याने यातून शिकायचं काय? हद्द एकच हवी, आणि ती घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवी.

आता लगाम. सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. घोड्याच्या पुढच्या दातांच्या मागे आणि दाढांच्या पुढे मोकळी जागा असते, कडियाळं, म्हणजे लगामाचा तोंडातला धातूचा भाग, तिथे बसतं. तिथे हाडावर फक्त पातळ आवरण असतं, बोट लावून बघा. सतत ओढून धरलं तर एक तर दुखतं, नाही तर घोडा त्या ओढीकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मग आपणच म्हणतो, ‘हा तोंडाचा कडक आहे.’ त्याला तसा कोणी केला, ते कोणी विचारत नाही.

घोड्याला दाबातून फक्त एवढंच कळतं की काहीतरी बदलायला हवं. नेमकं काय बरोबर होतं, ते कळतं दाब सुटतो तेव्हा. मागे जायला शिकवताना हे स्पष्ट दिसतं. जमिनीवर त्याच्या बाजूला उभे राहा, लगामावर हलका दाब द्या आणि थांबा. तो मान वर करेल, तोंड उघडेल, दाब तेवढाच ठेवा. मग वजन मागे सरकेल आणि एक पाय उचलला जाईल. त्याच क्षणी बोटं उघडा. चार-सहा वेळा असं झालं की दाब द्यायच्या आधीच, नुसती बोटं मिटताच, पाय हलायला लागतो. पण मान वर गेली तेव्हा घाबरून सोडलंत, तर तो मान वर करायला शिकतो. तुम्ही शिकवलंत तेच तो शिकला, मग बंडखोर कसा ठरला?

माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यावर कधीही उभे राहा. हौशी पाहुणा दोन्ही हातांनी लगाम छातीशी ओढून धरतो आणि टाचा मारत ‘चल, चल’ ओरडतो. टाच म्हणते पुढे हो, लगाम म्हणतो थांब. घोडा तोंड उघडतो, शेपटी फटकारतो आणि जागच्या जागी नाचतो. बाजूने चालणारा घोडेवाला ‘साहेब, ढील द्या’ म्हणतो. ढील मिळते आणि घोडा चालू लागतो.

गुडघे आवळण्याबद्दल थोडक्यात. गुडघ्याने पकड घेतली की टाच वर येते, बूड जिनावरून उचललं जातं आणि स्वार वर ढकलला जातो. मांड पक्की होते ती वजन खाली टाचेपर्यंत उतरल्यावर. शिवाय पाय सतत दाबलेलाच असेल, तर पायाने केलेला इशारा घोड्याने ओळखायचा कसा?

‘घोड्याला तुमची भीती कळते’ हे मजकुरातलं वाक्य मात्र बरोबर आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात माणसांनी घोडे ठरलेल्या वाटेवरून नेले, काहींनी हाताने धरून, काहींनी स्वार होऊन. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं की आता अचानक छत्री उघडेल. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही. त्याही आधी, 1907 मध्ये, बर्लिनच्या हान्स नावाच्या ‘गणिती’ घोड्याचं कोडं ऑस्कर फुंग्स्ट यांनी सोडवलं होतं. हान्स खूर आपटून उत्तरं द्यायचा. प्रत्यक्षात तो प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीकशी, नकळत झालेली हालचाल बघून थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सही चुकायचा. इतकं बारीक वाचणाऱ्या प्राण्याला ओरडून सांगायची गरज कुठे आहे? मजकुरात यावरचा उपाय ‘भीती लपवा, आवाज चढवा’ असा आहे. त्यापेक्षा श्वास सोडा, खांदे सैल करा.

कानांचं वाचनही अर्धवट आहे. मानेला चिकटलेले सपाट कान म्हणजे राग किंवा वेदना. पण स्वाराखाली चालताना सैलपणे मागे वळलेले कान बऱ्याचदा तुमच्याकडेच लक्ष असल्याची खूण असतात. त्या वेळी चाबूक दाखवलात, तर लक्ष दिल्याची शिक्षा झाली.

जाड कातडीमुळे लागत नाही, ही गोष्ट तर निव्वळ खोटी आहे. माशी बसली तर घोडा नेमकी तेवढीच जागा थरथरवतो. 2020 मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्याची आणि माणसाची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली. वरच्या थराची जाडी आणि त्यातल्या मज्जातंतूंच्या टोकांचं प्रमाण यांत लक्षणीय फरक सापडला नाही. ‘शर्यतीत तर मारतातच’ म्हणणाऱ्यांसाठी 2011 चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास आहे. तिथे घोड्यांचा वेग सर्वात जास्त होता तो शेवटच्या 600 ते 400 मीटरच्या टप्प्यात, चाबूक चालायच्या आधी. मार सुरू झाला तो घोडे थकल्यावर, आणि त्याने वेग वाढला नाही.

मजकुरात एक शक्यता कुठेच नाही: दुखणं. काल ऐकणारा घोडा आज ऐकत नसेल, तर धाकाच्या आधी जीन काढा. पाठीवरून बोटं दाबत न्या, तो कुठे अंग चोरतो ते बघा. दाढांना धार आली असेल, नालाचा खिळा आत लागला असेल, जिनाखालच्या कापडाची घडी रुतत असेल. डॉक्टरांना बोलवा. चाबूक तोवर खुंटीवर राहू दे.