बिनपट्टीच्या पदकाबद्दल, सुभेदारसाहेबांना उत्तर

नमस्कार सुभेदारसाहेब,

आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या सेवापदकावरचा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि रोखठोक लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं, की गोळी न झाडलेल्यालाही पदक म्हणजे खिरापत. ज्यांनी गावं जाळली त्या ब्रिटिशांच्या ‘ब्लॅक अँड टॅन’ (काळे आणि तपकिरी) शिपायांच्या वर्दीचे रंग फितीवर घेणं म्हणजे लढलेल्यांचा अपमान. आणि जाता जाता विचारलंत, की लेखात बायका कुठे आहेत?

खिरापतीचं आधी. १९४२ साली काढलेलं हे पदक दोन प्रकारचं होतं. प्रत्यक्ष लढाईतली सेवा सिद्ध झालेल्यांच्या फितीवर एक आडवी पट्टी असे, तिच्यावर आयरिश भाषेतला एकच शब्द, ‘कोमरक’, म्हणजे झुंज. बाकीच्यांचं बिनपट्टीचं. तेव्हा सगळ्यांना एकाच मापाने मोजलेलं नाही.

आणि बिनपट्टीचंही फुकट नव्हतं. ११ जुलै १९२१ ला ब्रिटिशांशी युद्धविराम (इंग्रजीत ‘ट्रूस’) झाला. त्या दिवशी संपणारे तीन महिने माणूस सलग स्वातंत्र्यसैनिकांच्या संघटनेत असायला हवा होता. मला तर या नियमाची खरी किंमत इथेच दिसते. युद्धविरामानंतर धोका टळला तशी भराभर भरती झाली, आणि जुने लढवय्ये त्या नव्यांना ‘ट्रूसिलिअर’ म्हणून हिणवायचे. ते नवे या अटीने बाहेर राहिले. त्याआधीच्या तीन महिन्यांत नाव संघटनेत असणं म्हणजे झडती, तुरुंग, कधी डोळ्यांदेखत पेटलेलं घर. रस्ते खणणं, झाडं आडवी पाडणं, निरोप पोचवणं, रायफली लपवणं, रात्री-अपरात्री आलेल्यांना जेवू घालणं, यातलं काही नसेल तर गनिमी कावा आठवडाभर टिकत नाही. रसद तुटली की पलटणीचं काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगणार?

आता फीत. उभी, अर्धी काळी, अर्धी खाकीसारखी तपकिरी, दोन्ही पट्टे सारख्याच रुंदीचे. १९२० मध्ये भरती केलेल्या त्या शिपायांना पुरेसे गणवेश नव्हते, म्हणून पोलिसांचे गडद आणि लष्कराचे खाकी कपडे मिसळून घालायचे. त्यावरूनच नाव पडलं. २० सप्टेंबर १९२० च्या रात्री त्यांनी बालब्रिगन गाव पेटवलं. लोक आजही या पदकाला ‘ब्लॅक अँड टॅन पदक’ म्हणतात. मला यात अपमान दिसत नाही. रेजिमेंटच्या दारात शत्रूकडून हिसकावलेली तोफ उभी करतात, तिला आपण शत्रूचा सन्मान म्हणत नाही. ही फीत मी तशीच वाचतो.

खरं तर मला सगळ्यात मोलाची वाटते ती ११ जुलैची रेघ. १९२२-२३ मध्ये हेच लोक ब्रिटिशांशी झालेल्या तहाच्या बाजूने आणि तहाच्या विरुद्ध असे फुटले आणि एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. पदकाला वीस वर्षं उशीर झाला, पण निघालं तेव्हा त्या यादवीतलं काहीच त्यात मोजलं नाही. कालचे सोबती, मग वैरी, आणि दोघांच्या छातीवर एकच फीत. सरकार तेव्हा डी व्हॅलेरांचं होतं, यादवीत हरलेल्या तहविरोधी बाजूचं, तरीही.

बायकांबद्दल मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. ‘कुमन ना मन’ ही स्त्रियांची संघटना पदकाच्या नियमात होती, माझ्या लेखात नव्हती. ती माझी चूक. मार्गारेट स्किनिडर ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावात डब्लिनमध्ये बंदूक घेऊन लढली, तिला तीन गोळ्या लागल्या. तिने निवृत्तिवेतन मागितलं तेव्हा १९२५ मध्ये अर्ज फेटाळला गेला, कारण काय, तर कायद्यातला ‘सैनिक’ हा शब्द पुरुषापुरता आहे! पुढे १९३४ चा नवा कायदा आला आणि १९३८ मध्ये तिला ते मिळालं. गोळी झाडूनही जिला सैनिक मानलं नाही, तिला लेखातून मीही वगळलं, हे मनाला लागलं. आज रात्रीच तिच्यावरचा परिच्छेद लेखात घालतो. वाचून पुन्हा कळवा.